मच्याडोंच्या घरचा मुकुट

चौऱ्याऐंशी सालच्या जूनमध्ये सनीव्हेलच्या आमच्या दोन बेडरूमच्या अपार्टमेंटच्या दारात एक राजमुकुट आला. चांदीचा, वर पंख पसरलेलं कबुतर. तो ताटात धरून एक शेलाटे गृहस्थ उभे होते, त्यांच्यामागे जिन्यावर पंधरा-वीस पोर्तुगीज माणसं, आणि सगळ्यांत खाली, जिन्याच्या वळणात अडकलेला बँडचा ढोल. दार मी उघडलं. गृहस्थांनी माझ्याकडे पाहिलं, मग दारावरच्या पाटीकडे. पाटीवर मच्याडो असंच लिहिलं होतं. त्यांनी पुन्हा माझ्याकडे पाहिलं आणि घरची मालकीण आहे का, म्हणून विचारलं.

मीच, असं मी सांगितलं.

आम्ही वसईचे. पोर्तुगीज येऊन आम्हाला धर्म आणि आडनावं देऊन गेले, ती आम्ही दोन्ही नीट सांभाळली. बाकी आमच्या घरात पोर्तुगीज असं काही नव्हतं. पण आमच्या चर्चमध्ये पोर्तुगीजांच्या अझोर्स बेटांवरून आलेल्या जुन्या कुटुंबांची एक सोसायटी होती. कोणी दुधाच्या धंद्यात, कोणी फळं डबाबंद करण्याच्या कारखान्यात. दर पेंटेकॉस्टला, म्हणजे पवित्र आत्म्याच्या रविवारी, ते राणी इसाबेलचा सण करत. दुष्काळात राणीने आपला मुकुट पवित्र आत्म्याला वाहिला आणि गरिबांना जेवू घातलं, अशी त्यांची कथा. म्हणून सणाआधी तो मुकुट सात आठवडे सात घरी राहायला जायचा. ज्या घरी असेल तिथे रोज संध्याकाळी रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, आणि येईल त्याला खायला. घरं चिठ्ठ्या टाकून ठरत. शेवटच्या घरची मुलगी सणाची राणी व्हायची. तिच्यामागे मुलींचा दरबार, पुढे धर्मगुरू, बाजूला सोसायटीचे मंत्री. सगळं होतं, फक्त राज्य नव्हतं. त्यामुळे राजकारणाला वेळच वेळ होता.

चिठ्ठी मी टाकली होती, आणि आमचं घर सातवं, शेवटचं निघालं. पेटीवर ‘सर्व कुटुंबांसाठी’ असं लिहिलं होतं, आणि लिहिलेल्यावर विश्वास ठेवायची मला खोड आहे. खरं कारण नीला. माझी मुलगी पंधरा वर्षांची, आणि चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसून बाजूच्या दाराने सटकणारी. एकदा तरी तिने मधल्या वाटेने, सगळ्यांच्या देखत, आपली म्हणून चालावं, एवढंच माझ्या मनात होतं.

ते शेलाटे गृहस्थ म्हणजे सोसायटीचे अध्यक्ष मिस्टर सिल्व्हेरा. काहीतरी घोटाळा झालाय असं ते पुटपुटले आणि ताट घेऊन वळायला लागले. तेव्हा काळ्या कपड्यांतल्या एका म्हातारीने त्यांच्या कोटाची बाही धरली आणि पोर्तुगीजमध्ये दोन वाक्यं सुनावली. ही ओलिंडाबाई, सोसायटीतली सगळ्यांत वयस्कर. मुकुट कोणाच्याही दारातून परत फिरत नाही, असा त्यांचाच नियम निघाला. सिल्व्हेरांनी ताट माझ्या हातात दिलं. चांगलंच जड होतं.

जेवणाच्या टेबलावर मी आईचं लाल लुगडं अंथरलं आणि त्यावर मुकुट ठेवला. माझा नवरा रवी ऑफिसातून आला, टेबलाकडे बघत उभा राहिला आणि आज जेवायचं कुठे, एवढंच त्याने विचारलं.

दुसऱ्या दिवशी सिल्व्हेरा एकटे आले. माणूस वाईट नव्हता. चहा घेतला, साखर पुन्हा मागितली. मग मुद्द्यावर आले. राणी बेटांच्या रक्ताची हवी, असं कमिटीचं म्हणणं. पण मार्ग होता. चर्चच्या दारात प्रत्येक घराचं नाव आणि बेट माइकवर सांगतात. आम्ही फक्त म्हणायचं की आजोबा तेर्सेराचे होते. तेर्सेरा हे त्यांचं एक बेट. आडनाव आहेच, कोणी खोलात जाणार नाही. मखमली झगा मिळेल, बँड मिळेल. नाहीतर दोन्ही नाही.

विचार करते म्हणून मी त्यांना वाटेला लावलं. दार लागताच नीला आतून आली.

“आई, जस्ट से येस. कोण चेक करणार आहे?”

तेव्हा मला कळलं की शाळेत तिला सगळे पोर्तुगीजच समजतात. तिने तसं सांगितलं नव्हतं. फक्त कोणी समजलं तर दुरुस्त केलं नव्हतं.

रवीला भांडण नको होतं. तो इंजिनियर आहे, त्याला प्रत्येक गोष्टीत फट सापडते. एके काळी वसईच्या चारी बाजूंना खाडी होती, म्हणजे टेक्निकली बेटच, असं तो म्हणाला. मी म्हटलं, मग तेच बेट सांग, तेर्सेरा कशाला.

नीलाला मी जवळ बसवलं. “तुझे आजोबा खाडीतल्या होडीपेक्षा मोठ्या बोटीत कधी चढले नाहीत. जन्मभर केळीच्या वाडीला पाणी लावलं. मुकुट घालायचा तर त्यांना बरोबर घेऊन घाल. वाडीत सोडून जाऊ नकोस.”

“मग कोणी क्लॅपसुद्धा करणार नाही.”

“नको करू दे.”

ती खोलीत गेली आणि तिने दार आपटलं. कबुतर थोडं हललं.

बुधवारी आमच्या चर्चचे फादर डॉयल आले. लाल गालांचे, उंच, आणि एवढे आनंदात की मला संशय आला. त्यांचं आणि सोसायटीचं जुनं वैर. मुकुट चर्चच्या कपाटात राहावा असं फादरांना वाटे, मुकुट आमच्या बापजाद्यांचा असं सोसायटी म्हणे. मागच्या वर्षी फादरांनी बँडला आत येऊ दिलं नव्हतं, तर सोसायटीने त्यांना जेवणात रस्सा वाढला, मांस वाढलं नाही. आता फादरांना आम्ही सापडलो होतो. त्यांनी पॅरिशसाठी, म्हणजे चर्चच्या मालकीचा, एक नवीन मुकुट मागवला होता, कॅटलॉगमधून. रविवारी नीलाला तोच घालू, ते म्हणाले. देवाच्या घरात बेटं नसतात, हे त्या लोकांना एकदा दिसू दे.

वाक्य सुंदर होतं. पण ते बोलत होते नीलाबद्दल आणि बघत होते सिल्व्हेरांच्या मुकुटाकडे. एकाला माझी मुलगी खोटी करून हवी होती, दुसऱ्याला खरी, पण सोसायटीला हाणायची काठी म्हणून. मी म्हटलं, “फादर, मुकुट घरात आलेला आहे. दुसरा आणू नका. तुम्ही रोझरीला या.”

ते आले नाहीत. तसे पहिले दोन दिवस कोणीच आलं नव्हतं. मी तर दोन्ही दिवस फुगे तळले होते, मैद्याचे, नारळाच्या दुधातले, वसईला सणाला करतो तसे. आम्हीच तिघं गुडघे टेकून ‘नमो मरिये’ म्हटलं, नीलाने तर तोंडातल्या तोंडात, आणि मग दोन दिवस फुगेच खाल्ले. पण बुधवारी, फादर गेल्यावर, ओलिंडाबाई आल्या. एकट्या, बसने. साठ वर्षांत त्यांचा मुकुट चुकला नव्हता, तो माझ्यामुळे चुकवणार नव्हत्या. मी मराठीत अर्धी प्रार्थना म्हणायची, उरलेली त्या पोर्तुगीजमध्ये पुरी करायच्या. मण्यांना काही अडचण आली नाही. नंतर त्यांनी एक फुगा उलटसुलट करून बघितला, माझ्याकडे साखर मागितली, त्यात घोळवला आणि खाल्ला. त्यांच्या बेटावरही असंच काहीतरी तळतात, एवढं मला हातवाऱ्यांवरून समजलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सुनेला आणलं. शुक्रवारी सुनेच्या मैत्रिणी आल्या, मुख्यतः घर बघायला. कोणीतरी लुगड्याचा काठ चिमटीत धरून पाहिला. शनिवारी माणसं खोलीत मावेनात. नीला दाराशी उभी राहून सगळ्यांचे कोट घेत होती. एका बाईने तिला कौतुकाने विचारलं, तुम्ही कुठल्या बेटाचे? मी फुगे वाढता वाढता थांबले. नीला एवढंच म्हणाली की कोट आतल्या पलंगावर ठेवते.

रात्री मी तिच्यामागे लागले नाही. फक्त तिचा पांढरा फ्रॉक इस्त्री करून ठेवला आणि सांगितलं की झगा नाही, बँड नाही, उद्या आपण चालत जायचं. नको असेल तर ताट मी धरीन, पण जाणार आपण नक्की.

सकाळी ताट तिने उचललं. मुकुटाखाली लुगडं अंथरलं होतं, त्याची टोकं दोन्ही बाजूंना लोंबत होती. अपार्टमेंटच्या पार्किंग लॉटमध्ये बँडवाले गाडीला टेकून उभे होते, वाद्यं पेटीत. आम्ही त्यांच्यासमोरून फुटपाथने निघालो. पुढे नीला, मागे मी आणि रवी, आणि मधेच ओलिंडाबाई, त्यांच्या चालीमुळे सगळ्या मिरवणुकीला त्यांचा वेग घ्यावा लागला. सिग्नलला एका ट्रकवाल्याने आम्हाला जाऊ दिलं आणि टोपी काढली. त्याला काय वाटलं देव जाणे.

चर्चच्या दारात दोन्ही पक्ष हजर होते. डावीकडे सिल्व्हेरा, हातात माइक. उजवीकडे फादर डॉयल, उशीवर कॅटलॉगचा मुकुट, ऊन पडून पितळेसारखा चमकणारा. माझं ऐकलं नव्हतंच त्यांनी.

“मच्याडो कुटुंब,” सिल्व्हेरांनी माइकवर म्हटलं आणि थांबले. माझ्याकडे बघून त्यांनी मान किंचित हलवली. शेवटची संधी देत होते बिचारे. बेट, फक्त बेटाचं नाव.

मी तोंड उघडलं होतं. पण नीलाने एक पाऊल टाकलं आणि माइकवर वाकली.

“वसई,” ती म्हणाली. पुढचं इंग्रजीत म्हणाली, स्वच्छ, मागच्या ओळीत उभ्या असलेल्या तिच्या शाळेतल्या मुलींना ऐकू जाईल असं. “ते मुंबईजवळ आहे. माझे आजोबा केळी लावायचे.”

माइक किंचाळून गप्प झाला. माझ्या कानाशी रवी हळूच म्हणाला, “टेक्निकली बेट.” मी त्याला कोपराने ढोसलं.

ओलिंडाबाईंनी काठी फरशीवर आपटली आणि आत चालायला लागल्या. त्यांच्या मागे नीला, मधल्या वाटेने. दोघांनाही, अध्यक्षांना आणि फादरांना, त्यांच्या मागून जाणं भाग पडलं, नाहीतर दारातच राहिले असते.

अल्तारापाशी, वेदीसमोर, नीला गुडघ्यावर बसली आणि तिने ताट वर धरलं. जुना मुकुट एका हाताने उचलता येणारा नव्हता, हे मला आठवडाभरात कळलं होतं, फादरांना तेव्हा कळलं. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. उशी ठेवायला जागा नव्हती, सगळीकडे फुलं. शेवटी सगळ्यांत जवळचे हात सिल्व्हेरांचे होते. फादरांनी उशी त्यांच्या हातात दिली.

मग त्यांनी दोन्ही हातांनी चांदीचा मुकुट नीलाच्या डोक्यावर ठेवला. तिची मान क्षणभर खाली गेली आणि सरळ झाली. मिस्साची उपासना संपेपर्यंत सोसायटीचे अध्यक्ष पॅरिशचा मुकुट पोटाशी धरून उभे होते. त्यांच्याकडून तो घ्यायला कोणीच पुढे झालं नाही.

बाहेर पडताना मी बघितलं, आमच्या मागून चर्चपर्यंत आलेल्या बँडवाल्यांनी पेट्या उघडल्या होत्या. नीला बाजूच्या दाराकडे वळली नाही.