सगुणा, सोडली

सुदेश रणनवरेला एका शब्दाची धास्ती बसली होती. कुणाला भुताची बसते, कुणाला साहेबाची. याला शब्दाची, आणि शब्द तरी कसा, घरातला, येताजाता तोंडात येणारा. सोडली.

गाडी सोडली. तंबाखू सोडली. लाज सोडली. बघा, यात घाबरण्यासारखं काय आहे?

तर आधी रकान्याचं सांगायला हवं.

सुदेश कल्याणातल्या एका जुन्या मराठी मंडळीचा चिटणीस. इमारतीला चर्च म्हणायचं आणि तिच्यात जमणाऱ्या माणसांना मंडळी. सहा दिवस तो वागळे इस्टेटमधल्या एका वर्कशॉपात तपासनीस असायचा. भाग मापात असला तर हिरवी चिठ्ठी, मापाबाहेर असला तर लाल. सातव्या दिवशी मंडळीचं रजिस्टर. तिथे चिठ्ठ्या नव्हत्या, शेऱ्याचा रकाना होता. बाप्तिस्मा झाला, दृढीकरण झालं, प्रभूमध्ये निद्रिस्त. आणि कुणी मंडळीबाहेर लग्न ठरवलं की एकच शब्द. मुलगा असेल तर 'सोडला', मुलगी असेल तर 'सोडली'. मंडळी सोडली, असा त्याचा अर्थ. रकाना अरुंद, म्हणून तेवढंच. सुदेशच्या आधीच्या चिटणिसाने तेच लिहिलं, त्याच्याही आधीच्याने तेच.

सोळा वर्षांत सुदेशने अकरा वेळा लिहिलं होतं. अक्षर सुरेख त्याचं. गेल्या वर्षी सातदिव्यांच्या प्रीतमपुढे 'सोडला' लिहिलं, तेव्हा ड-ची गाठ विशेष छान वळली होती, हेही त्याला आठवत होतं. प्रीतम मात्र नंतर कुणाला दिसला नाही.

बारावं नाव त्याच्या मुलीचं होतं.

.

"प्रेझ द लॉर्ड, सुदेशकाका! रजिस्टरचं तेवढं बघा हं. रविवारी पुनरुत्थानाच्या उपासनेनंतर सभासदांची यादी वाचायचीय."

पाळक राकेश साळवी. वय तेहतीस, गिटार वाजवतो, गाण्यांचे शब्द पडद्यावर दाखवतो. मुलगा वाईट नव्हे.

"बघतो," सुदेश म्हणाला.

"पर्सनल घेऊ नका. अक्षदा मला बहिणीसारखी. पण रूल एकाला एक, दुसऱ्याला दुसरा, असं नको ना व्हायला? प्रीतमचे वडील माझ्या तोंडावर बोलतील."

"बोलतीलच."

"आणि काका, शुभ शुक्रवारचा चौथा उद्गार तुमच्याकडे. दहा मिनिटं. जास्त नको, बाराला सुरू करून तीनला संपवायचंय."

शुभ शुक्रवारी प्रभूने वधस्तंभावरून काढलेल्या सात उद्गारांवर सात जण बोलतात. चौथा सगळ्यात अवघड, म्हणून कुणी मागून घेत नाही. त्यात खुद्द मुलगाच बापाला विचारतो, की मला का सोडलंस.

.

मसुदा पहिला. *प्रिय मंडळी, देव कोणालाही सोडत नाही. जो सोडून जातो तो माणूसच*

इथे पेन थांबलं.

.

अक्षदा डोंबिवलीच्या एका शाळेत मराठी शिकवायची. तिची आई जाऊन सहा वर्षं झाली होती, तेव्हापासून घरातल्या कुठल्याही बोलण्यातली शेवटची ओळ तिची असायची. ईस्टरनंतरच्या सोमवारी ती दिवा गावातल्या सम्यकशी लग्न करणार होती. आधी रजिस्ट्रारकडे, मग विहारात. घर बौद्ध, मुलगा ठाण्यात नोकरीला, बोलायला तिखट.

"पप्पा, तुमच्या रजिस्टरमध्ये व्याकरणाची चूक आहे," ती कांदा चिरताना म्हणाली.

"कसली?"

"मंडळी स्त्रीलिंगी. प्रीतमने मंडळी सोडली. मग त्याच्यापुढे 'सोडला' कसं?"

"मुलगा म्हणून."

"अहो पप्पा, 'सोडला' म्हणजे प्रीतम सोडला. म्हणजे मंडळीने. माझ्या सातवीच्या पोरांनासुद्धा कळेल. इतकी वर्षं तुम्ही लोक स्वतःच कबूल करताय आणि तुम्हालाच पत्ता नाही."

सुदेश हसायला गेला, पण हसू काही फुटलं नाही.

सम्यक दाराशी बूट घालत होता. तो म्हणाला, "काका, राग मानू नका. आमच्या आजोबांनीपण देव सोडले. सगळे, एका दिवसात. पण माणूस एक नाही सोडला."

"सम्यक, गप रे," अक्षदा म्हणाली.

आतल्या खोलीतून म्हाताऱ्याचा आवाज आला. "कोण सोडली?"

.

म्हातारा म्हणजे सुदेशचे वडील, देवराम. वय चौऱ्याऐंशी. नगर जिल्ह्यात आयुष्यभर पाळक होते. अजून 'सलाम' म्हणत, 'प्रेझ द लॉर्ड' त्यांच्या जिभेला वळत नसे. अलीकडे त्यांना आजचं आठवत नव्हतं आणि जुनं थांबत नव्हतं.

महिनाभर एक नवीनच चाललं होतं. दुपारी बारा वाजले की ते काठी टेकत उठत, दार उघडत आणि जिन्याच्या मोकळ्या बोळाकडे बघून म्हणत, "सगुणे, उन्हात का उभी? आत ये की."

बोळात ऊन नसायचं. चौथा मजला, दोन्ही बाजूंना भिंती. तरी एका दुपारी, रजा टाकून मसुदा लिहीत बसलेल्या सुदेशने दार लावायला हात पुढे केला, तेव्हा चौकट तापलेली लागली. पत्रा उन्हात तापतो तशी. आणि चौकटीवर, लहान मुलीच्या उंचीला, चार बोटं उठली होती. पिवळी.

समोरच्या घरी परवा हळद होती. तिथलंच कुणी हात लावत गेलं असेल. त्याने फडक्याने पुसलं. दुसऱ्या दिवशी बोटं परत तिथेच होती, म्हणून परत पुसलं. तिसऱ्या दिवशी त्याने बघितलंच नाही.

"आबा, सगुणा कोण?"

देवरामांनी त्याच्याकडे असं बघितलं की जणू तोच विसरभोळा. "माझी बहीण. कपाटातलं काढ."

कपाटात फडक्यात बांधलेलं एक रजिस्टर होतं. गावची मंडळी मोडली, तेव्हा देवरामांनी ते उचलून आणलेलं. चोरलं म्हणा हवं तर. सुदेशने ते कधी उघडलं नव्हतं. आता उघडलं. पान पिवळं पडलं होतं. कागद जुना झाला की पिवळा पडतो, त्यात काही नाही.

*सन १९४७. धोंडिबा, बाप्तिस्मा. रखमाबाई, बाप्तिस्मा. देवराम, वय ६, बाप्तिस्मा. सगुणा, वय १४, सोडली.*

.

मसुदा दुसरा. *चौथा उद्गार हा प्रश्न आहे. त्याला आकाशातून उत्तर आलं नाही. आमच्या घरात मात्र*

.

मग देवरामांनी सांगितलं. तुटक नव्हे, सलग, जसं काही ते रोजच सांगत आले होते.

सगुणा लहानपणी फार आजारी पडली. धोंडिबाने खंडोबाला नवस केला आणि ती वाचली. मग तिला देवाला सोडली. मुरळी केली. आठव्या वर्षी देवाशी लग्न लागलं, कपाळभर भंडारा, आणि ती नाचणाऱ्या मेळ्याबरोबर गावोगाव. पुढे मिशनचा उपदेशक वस्तीवर आला आणि अख्खं घर ख्रिस्ती व्हायला निघालं. बाप्तिस्म्याच्या दिवशी सगुणा कुठूनशी ऐकून आली. चालत. बाराचं ऊन. मिशनच्या देवळाच्या कुडाबाहेर उभी राहिली, पिवळी पिवळी. आत जायचं की नाही हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं.

उपदेशक टेबलाशी बसून विचारत होता आणि लिहीत होता.

"खंडोबा?"

"सोडला," धोंडिबा म्हणाला.

"मरीआई?"

"सोडली."

"दारू?"

"सोडली."

"मेलेल्या ढोराचं मांस?"

"सोडलं."

उपदेशकाने मान वर केली. कुडापलीकडे बोट केलं. "आणि ही?"

"माझ्या बापाला वाटलं, तो विचारतोय ही अशी पिवळी का," देवराम म्हणाले. "त्याने खरं ते सांगितलं. सोडली. देवाला सोडलेली, म्हणून. उपदेशकाला वाटलं, यादीतलंच पुढचं. त्याने लिहिलं. मी सहा वर्षांचा, दोघांच्या मधे उभा. मला दोन्ही अर्थ कळत होते रे सुदेश. पोरांना कळतात. मी बोललो नाही. माझ्या डोक्यावर पाणी पडायचं राहिलं होतं."

"आणि ती?"

"तिने ऐकलं. बापाच्या तोंडून. मग गेली." त्यांनी हात डोक्यावरून फिरवला, पाणी निथळत असावं तसा. "पन्नास वर्षं हरवलेल्या मेंढरावर उपदेश केला मी. एकदासुद्धा शोधायला गेलो नाही. गेलो असतो आणि सापडली असती तर काय सांगणार होतो?"

सुदेशने रजिस्टर मिटलं. त्याच्या अंगठ्याला पिवळं लागलं होतं.

.

शुक्रवार. चर्चमध्ये वेदीवर काळं कापड, पंखे फुल, पडदा गुंडाळलेला, गिटार खोळीत. समोर सात खुर्च्या. अक्षदा येणार नव्हती, आबांना सांभाळायला घरी थांबणार होती.

सुदेशच्या पिशवीत दोन्ही रजिस्टरं होती आणि खिशात पेन. राकेशने त्याला दाराशीच गाठलं होतं. "काका, झालं का ते?" "होतंय." उद्गारानंतर लिहून टाकू, असं त्याने मनाशी म्हटलंही होतं. लिहिलं नाही तर प्रीतमच्या बापाला काय तोंड दाखवणार? आणि लिहिलं तर?

तिसरा उद्गार संपला. सुदेश उठला. माइक ठीक केला. समोर दार सताड उघडं, त्यातून भगभगीत ऊन आणि फाटकाशी रिक्षा. रिक्षातून अक्षदा आजोबांना उतरवत होती. म्हाताऱ्याने तिचं ऐकलंच नसणार.

दोघं पायरीपर्यंत आली. तिथे देवराम थांबले. आत पाऊल टाकेनात. आपल्या डाव्या बाजूला बघून, हाताने आधी वाट करून देत, कुणाला तरी म्हणत होते. आवाज ऐकू येत नव्हता, पण सुदेशला ओठ वाचता आले. आधी तू.

अक्षदा त्यांच्या उजव्या बाजूला होती.

मसुदा तिसरा नव्हताच. सुदेशने जुनं रजिस्टर उघडलं आणि चार ओळी वाचल्या. मग कुडाचं, उन्हाचं, धोंडिबाचं सांगितलं. सहा मिनिटं गेली असतील.

"मी धातूचे तुकडे तपासतो," तो म्हणाला. "मापात, मापाबाहेर. इथेही तेच करत आलो. मला वाटायचं प्रभू आत आहे, आपण आत आहोत, आणि रजिस्टर हे दार. पण त्याला कुठे मारलं? वेशीबाहेर. आपले आजे-पणजे कुठे राहत होते? वेशीबाहेर. तो तिथे आला म्हणून तर आपण त्याचे झालो. आणि झाल्या झाल्या आपण पहिलं काम काय केलं, तर वेस बांधली. त्या दिवशी कुडाच्या आत माझा आजा होता, उपदेशक होता, टेबल होतं. प्रभू कुठल्या बाजूला होता, हे मला आज कळत नाही. म्हणजे कळतंय. मला का सोडलंस, हे विचारणारा आवाज बाहेरून येतोय."

"काका," राकेश हळूच म्हणाला, "वेळ..."

"अजून तीन मिनिटं आहेत माझी. ती मी बाहेर उभा राहतो."

आणि तो मधल्या वाटेने चालत गेला. पायरी उतरला. उन्हात अक्षदाच्या शेजारी उभा राहिला.

"पप्पा, हे काय? आत चला," ती कुजबुजली.

"थांब गं थोडं. तुझा शेरा मी लिहिणार नाही."

शेवटची ओळ पहिल्यांदाच तिची नव्हती.

आत पाचवा उद्गार शकूमावशीकडे होता, तहानेचा. पासष्टची बाई, शाळेत शिपाईण होती. ती माइकपाशी गेली, कागद उलगडला, परत घडी घातली. "मी चार पानं लिहून आणली होती तहानेवर. आणि ते बघा उन्हात उभे. आधी पाणी देऊन येते, मग बोलते."

ती ताट घेऊन पायरी उतरली. ताटात पाण्याचे चार पेले होते. सुदेशने एक घेतला, अक्षदाने एक, देवरामांनी एक.

"मावशी, एक जास्त झाला," अक्षदा म्हणाली.

"जास्त कसा? मोजून आणले." शकूमावशीने तिघांकडे बघितलं, मग देवरामांच्या डाव्या बाजूला, मग पुन्हा ताटाकडे. पण तिने पेला परत नेला नाही. पायरीवर ठेवला.

.

रविवारी यादी वाचायच्या आधी सुदेशने रजिस्टर राकेशच्या हातात दिलं. अक्षदापुढचा रकाना कोरा होता.

"काका, हे असं नाही चालत. मग लिहायचं कोणी?"

"ते तुम्ही ठरवा."

"म्हणजे तुम्ही चिटणीसपद सोडलं?"

सुदेशने क्षणभर वाक्य तपासलं. कर्ता कोण, कर्म काय. "हो," तो म्हणाला. "सोडलं."

पुढे त्या रकान्यात कुणी काय लिहिलं, त्याला माहीत नाही. प्रीतमचा नंबर त्याने शोधून काढला आहे. अजून लावलेला नाही. तीनदा फोन हातात घेऊन ठेवून दिला.

देवराम आता दुपारी उठत नाहीत, त्यांना उठवत नाही. पण सुदेश घरी असला की बाराच्या सुमाराला त्याला चौकट तापल्याचं बसल्या जागी कळतं. मग तो जातो, दार उघडतो. रिकाम्या बोळात काय म्हणायचं हे त्याला ठरवता येत नाही. मुरळीला म्हणायचं ते की मेंढराला, की वधस्तंभावरच्या त्याला.

"आत ये," तो म्हणतो. मग थोडं थांबून, चुकलं असं वाटून, चपला घालतो आणि स्वतःच बाहेर जातो.