खालून उत्तर येत नाही

बाबाराव शेठ वाकून आत शिरले, तरी चौकटीनं त्यांची टोपी उडवलीच. जंगलूच्या बायकोनं, सखूनं, ती उचलली, पदरानं पुसून त्यांच्या हातात दिली आणि घाईघाईनं बाजेवर घोंगडी अंथरली. समुद्रपूरच्या बाजारात तीस वर्षं कापडाचं दुकान चालवणारा हा माणूस गावाबाहेरच्या गोंडांच्या वस्तीत आजवर कधी आला नव्हता. लोकांनी त्याच्याकडे जायचं, ही रीत.

“उद्या चालला म्हणते तू?” त्यांनी जंगलूला विचारलं.

“हो जी. हिंगणघाटातून मद्रासची गाडी.”

जंगलू मडावी अंगानं वाळका, पण चढायला वानराच्या वरताण. लहानपणी मोहळं काढायला झाडं चढला, मग विजेचे टॉवर चढला, आणि तिथून एका ठेकेदारानं त्याला थेट तमिळ मुलखात नेलं. तिथं नौदलाचे मनोरे होते. एकेक एवढा उंच की टोकावरून खालची जीप गोचिडाएवढी दिसायची. त्या मनोऱ्यांवरून समुद्राच्या पोटात दडलेल्या पाणबुड्यांना संदेश जात. पाठवणारे साहेब वेगळे. ते दोन फाटकांच्या आत बसत. जंगलू मनोऱ्यांना लाल-पांढरा रंग द्यायचा, आणि तोही यंत्रं बंद असतील तेव्हाच. पण परमुलखातून आलेला माणूस गावात दोन बोटं वाढवूनच सांगतो. एकदा पानठेल्यावर त्याच्या तोंडून गेलं, “आमच्याच मनोऱ्यावरून बोलतेत पाणबुडीसंगं.” पुढच्या दिवाळीपर्यंत गावानं त्यालाच बोलणारा करून टाकलं. त्यानंही ते खोडून काढलं नाही. मान कोणाला नको असतो हो?

बाबारावांचा गजेंद्र पाणबुडीवर होता. दुकानावर बसायचं सोडून नौदलात जातो म्हणाला, तेव्हा बापानं भर बाजारात त्याच्या थोबाडीत दिली होती. त्याला चार वर्षं झाली. पोरगा आईला पत्रं लिहायचा, पण त्यात बापाचं नाव नसायचं. बापानंही त्याचं नाव टाकलं होतं, निदान तोंडानं तरी.

सखूनं पाणी दिलं. बाबारावांनी लोटा रिकामा केला आणि मिशा पुसल्या.

“मले एक सांग. तो खाली पाण्यात असला अन् तुमी वरून बोलले, तर त्याले समजते?”

“समजते जी. एकएक अक्षर करत जाते, पण जाते.”

“अन् तो उलटून बोलला तर?”

“खालून उत्तर येत नाई. त्याईनं फक्त ऐकाचं.”

“बिलकूल नाई?”

“नाई जी. तोंड उघडलं का दुश्मनाले पत्ता लागते.”

बाबारावांच्या चेहऱ्यावर चक्क समाधान पसरलं. बापलेक दोघंही फटकळ. एकानं खडा टाकला की दुसऱ्यानं धोंडा टाकायचा, हे सगळ्या बाजाराला ठाऊक होतं. त्या दोघांचं कुठलंच बोलणं कधी दुसऱ्या वाक्यापलीकडे धडपणे गेलं नव्हतं.

“मंग माहा एक निरोप दे त्याले,” ते म्हणाले.

शेठजी, मी रंगारी माणूस, मले आतल्या फाटकाजवळही उभं करत नाईत, हे जंगलूनं त्याच घडीला सांगायला हवं होतं. सखू चुलीपुढून त्याच्याकडे रोखून बघत होती. तिला सगळं माहीत होतं. पण समोरचा म्हातारा बाजेच्या अगदी काठावर बसला होता, टोपी अजून हातातच होती, आणि जंगलूची जीभ काही वळेना.

“सांगा जी,” तो म्हणाला.

“म्हणावं, बाप म्हणते, हात उचलाले नको होता. चारचौघांत तर नकोच होता. बस.”

“बस?”

“एवढं सांगाले चार वर्षं लागली बाप्पा! अजून काय पाह्यजे तुले?”

ते गेले आणि सखू म्हणाली, “आता काय करसान?” जंगलू उद्याच्या गाडीसाठी पिशवी भरू लागला.

तिकडे गेल्यावर त्यानं धीर करून बाहेरच्या फाटकापाशी साहेबांना गाठलं. साहेब भला माणूस होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं, जंगलूच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, “जंगलू, ये डाकघर नहीं है.” त्या आठवड्यात मनोऱ्याच्या टोकावर रंगाचा डबा अडकवून जंगलू समुद्राकडे तोंड करून तो निरोप मोठ्यानं बोलला. खालच्या फळीवरचा गडी म्हणाला, येडा झाला का बे? मग जंगलूनं कोणाकडून तरी दोन शब्दांचं कार्ड लिहून घेतलं, ‘निरोप दिला’, आणि पोस्टात टाकलं. त्यानंतर कितीतरी दिवस त्याला जेवण गोड लागलं नाही.

बाबाराव माघात गेले. सकाळी दुकान उघडलं, गादीवर बसले आणि बसल्या बसल्याच कलंडले.

जंगलू चैत्रात घरी आला तो दुसऱ्याच दिवशी समुद्रपूरच्या बाजारात गेला. दुकानात गजेंद्र एकटाच होता, डोक्यावरचे केस नुकते उगवू लागलेले. त्यानं जंगलूला हात धरून गादीवर बसवलं.

“जंगलूकाका, तुमचीच वाट पाहून राह्यलो होतो. आई म्हणते, बाबा शेवटी शेवटी लय खुशीत होते. तुमचं कार्ड खिशात घेऊन फिरत. म्हणत, माहा निरोप पोचला. मी आल्याबरोबर आईनं इचारलं, मिळाला ना रे?”

“मंग?”

“मी म्हटलं, मिळाला.” गजेंद्रनं आवाज खाली आणला. “काय होता निरोप? आईलेही माहीत नाई. त्याईनं कोणालेच सांगितला नाई.”

जंगलूनं दोन्ही कान धरले.

“मी पापी आहो, भाऊ. मी निसता रंगारी. निरोप गेलाच नाई. शेठजी आले, अन् मले नाई म्हणता आलं नाई.”

“ते माहीत आहे मले. आमी पाण्यात असलो का घरचं काई सांगत नाईत. बाबा गेले हे मले बंदरात उतरल्यावर समजलं, बावीस दिवसांनी. तुमी सांगा, ते काय म्हणले? जसं म्हणले तसंच सांगा.”

जंगलू उठून उभा राहिला. बसून सांगायची त्याला लाज वाटली.

“म्हणले, बाप म्हणते, हात उचलाले नको होता. चारचौघांत तर नकोच होता.”

गजेंद्रचा चेहरा लाल झाला.

“चारचौघांत नको होता? म्हणजे घरात चालला असता काय? ही काय माफी झाली? आपलंच खरं कराचं, मरता मरताही!”

आवाज असा चढला की समोरच्या किराणावाल्यानं मान वर केली. हुबेहूब बाबारावांचा आवाज. जंगलूनं सवयीनं गादीच्या दुसऱ्या टोकाकडे, शेठजींच्या जागेकडे पाहिलं. आता तिकडून धोंडा यायला हवा होता. गजेंद्रही तिकडेच बघत होता, मान ताठ, पुढचं वाक्य ओठावर तयार.

तिकडून काहीच आलं नाही.

गजेंद्र मोठ्यानं हुंदके देऊ लागला. बाजार ऐन भरात होता आणि दोन बाया लुगडं बघायला दुकानाकडेच येत होत्या. जंगलू झटकन पायरी उतरला आणि हात वर करून त्यानं शटर खाली ओढलं.

“दुकान बंद काऊन केलं गा?” त्यातली एक म्हणाली.

“थोड्या वेळानं येजो, बाई,” जंगलू म्हणाला आणि शटरला पाठ लावून तिथंच उभा राहिला.