भिंत पाहून दिलेली पोरगी

मनकर्णाचा एक नाद होता, आणि तो बाईमाणसाला शोभत नाही असं नागपुरातली अख्खी रामबाग वस्ती म्हणायची. रविवारी कामाला सुट्टी असली की ती धुतलेलं लुगडं नेसून घरं पाहायला निघायची. कोणाच्या घरी जायला नव्हे हो, नुसती घरं पाहायला! धंतोलीच्या गल्ल्या, तिथून रामदासपेठ, परत येताना बर्डी. एखाद्या फाटकापाशी थांबायची, कमरेवर हात ठेवून मान वर करायची आणि पाहतच राहायची. आतला कुत्रा भुंकून भुंकून थकायचा, माळी येऊन "काय पायजे वं बाई?" म्हणून दटावायचा, पण ही जागची हलायची नाही.

तीस वर्षं रेजा म्हणून डोक्यावर घमेली वाहिलेली बाई ती. कालवलेला गारा, रेती, विटा, गिट्टी, काय म्हणाल ते. दगडी इमारती पाहिल्या की तिला कोंडल्यासारखं व्हायचं. तिचा जीव जडला होता तो दुसऱ्या मोठ्या लढाईच्या आगेमागे उभ्या राहिलेल्या वळणाच्या घरांवर. मुंबईहून शिकून आलेले इंजिनेर त्यांना 'डेको' म्हणायचे. भिंत सरळ येते आणि कोपऱ्यावर टोक न काढता माठासारखी वळून दुसऱ्या रस्त्याला लागते. तिच्यासंगं सज्जा वळतो, खिडक्यांवरचे छज्जे वळतात. गच्चीच्या कठड्याखाली एकाखाली एक तीन पट्टे घराला वेढा घालून जातात. जिन्यापाशी एक गोल खिडकी. आणि दारावर सिमेंटात काढलेला अर्धा सूर्य, किरण पायरीपायरीनं वर चढलेले. असं घर दिसलं की मनकर्णाची छाती मोकळी व्हायची. चहा-भाकरीचंही तिला भान राहायचं नाही.

वामनराव वकिलांच्या धंतोलीतल्या बंगल्यावरचा सूर्य तर तिच्या नवऱ्यानंच काढलेला. झिबल मिस्त्री त्याचं नाव. एक्केचाळीस साली मधोमध एक खिळा ठोकून, त्याला सुतळी बांधून त्यानं अकरा किरण एकट्यानं ओढले, आणि सतरा वर्षांची मनकर्णा खालून गारा देत होती. त्याच झिबलनं पुढं दारूच्या तारेत तिच्या डाव्या कानाखाली अशी ठेवून दिली, की तो कान कायमचा गेला. छप्पनच्या धम्मदीक्षेच्या दुसऱ्या वर्षी तो मेला. "माणूस रानडुक्कर होता," ती चारचौघींत सांगायची, "पण हात सोन्याचा होता बाई. मी त्याच्या हातासाठी रडली." आता अशा बाईला काय म्हणावं? कान फोडणारा हात आणि सूर्य काढणारा हात एकच, हे तिला कळत नव्हतं थोडंच. कळूनही ती सूर्यापाशीच जाऊन उभी राहायची.

लेक जया पाच वर्षांची झाल्यापासून या फेऱ्यांत सोबत असायची. "सांग, इथी काय चुकलं?" मनकर्णा विचारायची. पोट्टी डोळे बारीक करून पाहायची आणि म्हणायची, "मधला पट्टा त्या टोकाले खाली बसला, आई." आणि तो खरंच बसलेला असायचा. सुतळीएवढा फरक तिला रस्त्याच्या पलीकडून दिसायचा. मनकर्णाला याचा कोण अभिमान!

गिलाव्याचं काम करणाऱ्या मिस्त्र्यांत एक रीत होती. पोरगी द्यायची तर आधी पोराचं काम पाहायला जायचं. घरातली जुनी माणसं त्यानं केलेल्या भिंतीला ओळंबा लावून पाहत, तळहात फिरवत, काठावर डोळा धरत. दारुड्याचा हात थरथरतो, आळशाचा कोपरा बुजतो, तापट माणूस गिलावा जिरायच्या आधीच घोटायला लागतो; भिंत सगळं सांगते, अशी त्यांची पक्की समजूत. मोठी शहाणी समजूत!

उमरेडच्या शालिकचं स्थळ आलं तेव्हा त्यानं रामदासपेठेत एक गोल सज्जा केला होता. मनकर्णा परांचीवर चढली, डोळे मिटले आणि सज्ज्याच्या पोटावरून तळहात फिरवला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हाताला काही म्हणजे काही लागलं नाही. खाली उतरली ती होकार देऊनच. पोराची आई कशी आहे, बाप कशानं मेला, पोरगा संध्याकाळी कुठं बसतो, काही म्हणून विचारलं नाही.

जयाच्या मनात वेगळंच होतं. तिची मैत्रीण चारुशीला हिंगण्याच्या कारखान्यात डबे भरायला लागली होती. कंपनीची बस न्यायला यायची, पगार हातात मिळायचा. जयालाही तिकडं लागायचं होतं.

"आई, माह्यं लगन तू भिंतीसंगं लावून राहिली का वं?" ती म्हणाली.

"चूप बस. असा हात नागपुरात दुसरा नाही."

लग्न झालं. सहा महिन्यांत जया फुटलेला ओठ घेऊन माहेरी आली. मनकर्णानं हळद लावली, दोन दिवस ठेवून घेतली आणि तिसऱ्या दिवशी परत नेऊन सोडली. "सुधरते. कामाचा माणूस हाये, डोक्स तापते कधीमधी." वर्षानं पुन्हा आली तेव्हा बरगडीला हात लावू देत नव्हती. पुन्हा तेच. पुन्हा हळद, पुन्हा सासर. शेजारची तुळसाबाई तोंडावर बोलली, "मनकर्णे, पोट्टीचा जीव जाईन तवा तुह्या भिंतीवर हार टांगशीन का?" मनकर्णा तिच्याशी महिनाभर बोलली नाही.

चौऱ्याहत्तर साली वामनराव वकिलांनी बंगल्याचं दर्शनी तोंड दुरुस्त करायला काढलं. झिबलच्या सूर्याला तडे गेले होते, चार किरण पार गळाले होते. मनकर्णा स्वतः वकिलांकडे गेली. "साहेब, हे काम माह्या जावयाशिवाय कोणाच्यानं होणार नाही जी." वकिलांनी काम दिलं. जावई परांचीवर आणि सासू खाली चुना कालवायला, असं काम सुरू झालं. जावई सासूला 'मामी' म्हणायचा, म्हणून मजूरही तिला मामीच म्हणायचे. शालिकनं जुना सूर्य पार खरवडून काढला आणि नव्यानं धरला. चार दिवसांत सात किरण उभे राहिले. मनकर्णा चुन्याच्या हौदापाशी उभी राहून वर पाहायची आणि तिचे डोळे भरून यायचे.

पाचव्या दिवशी शालिक रात्रीची दारू उतरायच्या आत कामावर आला. सुतळी बांधायचा त्याला कंटाळा आला, आणि आठवा किरण त्यानं नुसत्या नजरेनं ओढला. दुपारी जया डबा घेऊन आली. फाटकातून आत शिरली, सवयीनं मान वर केली, आणि दिसलं ते बोलून गेली.

"हा शेवटचा किरण वाकडा हाये. सुतळी नाही बांधली का?"

कोपऱ्यातले दोन मजूर फिसकन हसले.

शालिक परांचीवरून उतरला, हात पुसले. हातातला गिलावा घोटायचा लाकडी रंधा त्यानं आडवा धरला आणि जयाच्या कपाळावर घातला. डबा उडाला, वरण पायऱ्यांवर सांडलं. ती खाली बसली तशी त्यानं तिचे केस धरले आणि तिचं तोंड पोर्चच्या गोल खांबावर आपटलं. एकदा, दोनदा. "मले शिकवते? माह्या कामात खोट काढते?" तिसऱ्यांदा आपटलं तेव्हा दात तुटल्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. ती कोसळली तर तो तिच्या बरगडीत लाथा घालायला लागला.

मजुरांनी माना खाली घातल्या. नवरा-बायकोचा मामला, मधे कोण पडतो! वरच्या सज्ज्यात वामनराव वकील आले, खाली वाकून पाहिलं आणि ओरडले, "ए मिस्त्री! हा तमाशा फाटकाबाहेर! मोझेकवर डाग पडतात रक्ताचे!" अरे वा रे कायदेपंडित! फरशीची काळजी बघा किती.

मनकर्णानं आतापर्यंत फक्त मार खाऊन आलेली जया पाहिली होती. मार पडताना कधी पाहिली नव्हती. तिनं घमेलं हौदात बुडवलं, काठोकाठ भरलं, आणि धावत जाऊन ओला चुना शालिकच्या तोंडावर फेकला.

तो ढोरासारखा ओरडला. दोन्ही हात डोळ्यांवर गेले. मनकर्णानं रिकामं घमेलं दोन्ही हातांनी धरून त्याच्या कानशिलावर हाणलं. तो आंधळ्यासारखा तिच्या अंगावर धावला, त्याच्या हाताला तिची मान लागली, आणि त्यानं गळा आवळायला सुरुवात केली. दोघं पायऱ्यांवर आदळली. तिच्या पाठीत पायरीची धार घुसली, डोळ्यांपुढं अंधारी आली. पण तीस वर्षं ओझं वाहिलेली मान अशी सहजासहजी मोडत नाही. तिनं त्याच्या अंगठ्याचा चावा घेतला, रक्त तोंडात येईस्तोवर सोडला नाही. त्याची पकड सुटली. तिनं गुडघा त्याच्या पोटात घातला आणि कूस बदलून त्याच्या छातीवर बसली.

बाजूलाच जुना गिलावा पाडायची हातोडी पडली होती. ती तिच्या हातात कधी आली तिला कळलं नाही. शालिकचा उजवा हात पायरीवर पालथा पडला होता. तिनं आपला पाय त्याच्या मनगटावर रोवला.

शालिकचे डोळे चुन्यानं मिटले होते, पण मनगटावरचा पाय कळला आणि काय होणार तेही कळलं. तो एकदम गयावया करायला लागला.

"हात नको, मामी! पाय तोड, डोकं फोड, पण हात नको! सूर्य अर्धा राहीन तुह्या नवऱ्याचा! कोण पुरा करीन?"

मनकर्णानं वर पाहिलं.

सात किरण पुरे झाले होते, आठवा वाकडा, तीन बाकी. आठव्याचा माल अजून ओला होता. तासाभरात खरवडला तर नीट होणार होता, नाहीतर तसाच घट्ट बसणार होता. नागपुरात तो पुरा करणारा दुसरा हात नव्हता. सांगायला लाज वाटते, पण खोटं कशाला सांगा? तिनं तोलून पाहिलं. रक्तात लडबडलेली पोटची पोर चार हातांवर पडली होती, आणि ही बाई हातोडी वर धरून एक श्वासभर तोलत होती.

मग तिनं हातोडी घातली. बोटांवर घातली, पंजावर घातली, मनगटाच्या हाडावर घातली. शालिक किंचाळत होता, वकील वरून पोलिसांच्या नावानं ओरडत होते, मजूर "मामी, बस करा जी!" म्हणत जवळ यायचे आणि मागं सरकायचे. पंजाचा आकार उरला नाही तेव्हाच ती थांबली. हातोडी फेकून दिली आणि जयाला उचललं.

फाटकाबाहेर सायकलरिक्षा मिळाली. "मोठ्या दवाखान्यात," ती म्हणाली. जयाचं डोकं तिनं मांडीवर घेतलं, पदरानं कपाळ दाबून धरलं. पदर भिजला, तिनं दुसरा कोपरा घेतला. धंतोलीच्या वळणाच्या भिंती दोन्ही बाजूंनी मागं जात होत्या, पण तिचं लक्ष लेकीच्या तोंडाकडे होतं. तिला वाटलं, आता सगळं झालं. पोर वाचली. आपण जेलात जाऊ, जाऊ देत. पोर वाचली.

"तुले आता कोणी हात लावणार नाही," ती म्हणाली. "माह्याजवळ राहाय. कायमची राहाय."

जयाचा एक डोळा सुजून मिटला होता. दुसऱ्या डोळ्यानं ती आईकडे पाहत होती. ओठ हलले, पण आवाज आला नाही. मनकर्णानं उजवा कान तिच्या तोंडाजवळ नेला.

"हातोडी उचलल्यावर," जया म्हणाली, "तू वर काहून पाहिलं वं?"

मनकर्णाला खोटं बोलता आलं असतं. उन्हाची तिरीप आली, चक्कर आली, वकिलाकडे पाहिलं, काहीही. पण या पोरीला सुतळीएवढा फरक दिसतो हे तिनंच तिला शिकवलं होतं.

"सूर्य अर्धा राहीन म्हून," ती म्हणाली.

जया मग हाताच्या कोपरावर जोर देत, कण्हत कण्हत उठली. आईच्या मांडीवरून डोकं काढून तिनं रिक्षाच्या दुसऱ्या बाजूला टेकवलं. मनकर्णा तिला धरायला गेली तर तिनं हात झटकला.

"चारुशीलाले सांगावा धाड," तुटक्या दातांतून ती म्हणाली. "मी दवाखान्यातून तिच्याकडेच राहाले जाईन, हिंगण्याच्या कारखान्यात लागीन. तुह्या घरी नाही येत."

"बरं," मनकर्णा म्हणाली. रिक्षा खड्ड्यात आदळली तसा जयाच्या तोंडून हुंदका निघाला. मनकर्णानं पुढं झुकून रिक्षावाल्याच्या पाठीला हात लावला. "दमानं हाक गा, बापू," ती म्हणाली, आणि मग दवाखाना येईस्तोवर दोघी दोन बाजूंना बसून राहिल्या.