खंड्या कुणी नेला?

थांबा, मला बाजूला सारू नका. मी एक रहस्यकथा बोलतेय. अठ्ठ्याऐंशी पानं, वर एक पांढराशुभ्र कुत्रा आणि ठळक अक्षरांत नाव: 'टॉमी कुणी पळवला?'

माझा जन्म पुण्यातल्या एका छापखान्यात झाला. माझ्यात एक बंगला आहे. बंगल्यातला टॉमी दूध-बिस्किटं खातो आणि एके दिवशी नाहीसा होतो. मग राजू नावाचा सहावीतला मुलगा भिंग घेऊन माग काढतो. शेवटी तो सगळ्यांना दिवाणखान्यात जमवतो नि म्हणतो, "चोर याच खोलीत आहे!" चोर निघतो माळी. टॉमी सापडतो आणि सगळे आइस्क्रीम खातात. मला माझा भारी अभिमान होता हो! माझ्यात कोडं सुटतं म्हणजे सुटतंच.

नेकनूरजवळच्या एका गावी मी गठ्ठ्यातून आले. तिथल्या दूध संस्थेनं सव्वीस जानेवारीला शाळेत बक्षिसं वाटली. माझ्या पहिल्या पानावर शिक्का बसला, 'सप्रेम भेट, आबासाहेब, चेअरमन', आणि मी पाचवीतल्या जाईच्या हातात पडले. भाषणात पहिली आली होती पोरगी.

त्या साली पाऊस झालाच नव्हता. संस्थेनं माळावर गुरांची छावणी टाकली. चारा सरकारचा, पाणी टँकरचं. जाईचा बाप शहादेव आणि आजी कडूबाई दोन म्हशी घेऊन तिथंच पाल ठोकून राहिले, जाईलाही संगं आणलं. आई धाकट्याला घेऊन गावात राहिली. म्हशींच्या मागं न बोलावता खंड्याही आला. एक कान तुटका, रंग मातीचा. जाई त्याला मला वाचून दाखवायची. टॉमीच्या बिस्किटांचं आलं की म्हणायची, "बघ रं खंड्या, काय थाट हाय!" तो शेपटी आपटायचा, माझ्या पानांना लाळ लावायचा. शी! तरी सांगते, तसा ऐकणारा मला पुन्हा मिळाला नाही.

छावणीत अशी सतरा कुत्री जमली होती. हौदात गुरांच्या आधी तीच तोंड घालायची. मग पिसाळलेल्या कुत्र्यानं चावलेली एक गाय तोंडातून फेस गाळत मेली. डेअरीनं निरोप धाडला, कुत्री राहिली तर छावणीचं दूध घेणार नाही. दूध बंद म्हणजे चूल बंद. संस्थेची सभा बसली. सतरंजी कमी पडली म्हणून शहादेव मलाच बुडाखाली घेऊन बसला होता, त्यामुळं मी सगळं ऐकलं. ठराव असा होता की सगळ्या कुत्र्यांना औषध घालावं आणि त्यासाठी घरटी एक भाकरी द्यावी.

"मंजूर आसंल त्यांनी हात वर करा," सचिव त्रिंबक म्हणाला.

सगळे हात वर झाले. शहादेवचा जरा उशिरानं, पण झाला. एक म्हैस कडूबाईच्या नावावर होती, म्हणून तीही सभासद. तिनंही केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कडूबाईनं जाडजूड भाकरी थापली आणि वरून तेल लावलं. तेल! त्या साली ते माणसांनाही पुरत नव्हतं.

"जाये, येवढी त्रिंबककडं देऊन ये."

"कुणाला वं आज्जे?"

"पाव्हणे येनार हायत. जा लवकर, शाळेला उशीर व्हईल."

जाई निघाली. ताटली नव्हती, म्हणून भाकरी माझ्यावर ठेवली होती. खंड्या वास घेत मागं मागं आला, तेव्हा तिनं त्याला दटावलं, "हाड! तुझी न्हाई, पाव्हण्यांची हाय." तो बिचारा मागं सरला.

पोरं शाळेतून परतायच्या आत सगळं उरकलं. ट्रॉली भरून गेली आणि माळापलीकडं रिकामी होऊन आली.

संध्याकाळी खंड्या दिसेना. जाई रडली नाही. तिनं मला उघडलं. आता माझं काम! माझी छाती फुगली होती, खोटं कशाला सांगू? सगळं ठाऊक असून फुगली होती. पोरगी मला शोधतेय, मला विचारतेय, एवढंच मला दिसत होतं.

तिनं राजूसारखी चौकशी लावली. शेजारच्या पालातली सारजाबाई म्हणाली, "कोल्ह्यानं नेला आसंल." टँकरवाला म्हणाला, "गावाकडं गेलता, मी पाह्यला." बाप म्हणाला, "यील गं," आणि म्हशीच्या पाठीवर उगाच हात फिरवत राहिला. आजी म्हणाली, "कुत्र्यासाठी कावून येवढा घोर करती?" आणि चुलीकडं तोंड फिरवलं. माझ्या एकतिसाव्या पानावर लिहिलंय, जो नजर चुकवतो तो चोर. इथं तर सगळेच नजर चुकवत होते. जाईला वाटलं, आपलंच वाचताना काहीतरी चुकलं. तिनं ते पान पुन्हा वाचलं. आठ दिवस पोरगी मोकळ्या हौदापाशी जाऊन हाका मारायची, आणि तिला खरं सांगायला छावणीतलं एकही तोंड उघडलं नाही.

मग सोमवारी सभा बसली, तशी जाई मला छातीशी धरून सगळ्यांच्या पुढं जाऊन उभी राहिली.

"चोर हितंच हाय!"

सगळे हसले. आबासाहेबांनी विचारलं, "आगं, पन चोरीला काय गेलंय?"

"माजा खंड्या. आनखी सोळा कुत्री बी. तुमच्यातल्या कुणी नेली?"

"जाये, चल पालाकडं," कडूबाई उठली.

"बसा वं कडूबाई. पोरगी धीट हाय, बक्षीस आमीच दिलंय तिला." आबासाहेब मजेत आले होते. "चला बे, लाजायचं कावून? ज्यांनी नेली त्यांनी हात वर करा!"

आधी दोन हात झाले, मग दहा, मग सगळे. शहादेवनं खाली बघत केला. कडूबाईच्या बांगड्या वाजल्या.

माझा राजू शेवटी चोराकडं बोट दाखवतो. जाईनंही बोट उचललं, पण कुणाकडं न्यावं ते तिला कळेना.

त्रिंबकला वाटलं, पोरीला नीट समजावून सांगावं. त्यानं रजिस्टर काढून ठराव वाचला, औषधाचा, घरटी भाकरीचा. मग हसत म्हणाला, "तुमच्या घरची बी आलती की. तूच आनली व्हती, तेल लावल्याली. समद्यात आधी खंड्यानंच खाल्ली. वळखीचा वास ना!"

मी तिच्या हातात होते. सगळ्यांनी हात खाली घेतले होते. मग जाईनं आपला हात वर केला, मला धरलेला, आणि तसाच ठेवला.

कुणी हसलं नाही. आबासाहेब रजिस्टरकडं वळले. "त्रिंबक, म्होरला विषय घे."

मला तिथंच टाकून ती गेली. मला नेऊन संस्थेच्या कपाटात कोंबलं. आज इतक्या वर्षांनी पुन्हा बाहेर काढलंय. उद्या सव्वीस जानेवारी, आणि बक्षिसाला एक पुस्तक कमी पडतंय. शिक्का आधीचाच चालेल म्हणतात.

बाबांनो, हात जोडते, मला कुण्या लेकराच्या हातात देऊ नका. माझ्यात चोर एकच असतो, ते खोटं आहे. द्यायचीच झाली तर शेवटचं पान फाडून द्या. तिथं टॉमी धावत येतो आणि राजूचं तोंड चाटतो. ते आता माझ्याच्यानं सोसवत नाही.