सहा तासांची भिजवण

तिने फडक्यातला चोथा पुन्हा पिळला. बोटं केशरी झाली. सहा तास मद्यार्कात भिजूनही झेंडूसारख्या कॅलेंडुलाच्या पाकळ्या आत्ताच खुडल्यासारख्या झळकत होत्या.

“हे टाकायचं?” काचसामान धुणाऱ्या मावशींनी विचारलं. “रंग तर सगळा आतच आहे.”

“सरांनी सहाच तास दिलेत.”

“याला तीन दिवस लागतात ना?”

“लागतात. आणि तीन दिवस दिले की साधी भिजवण सरांच्या यंत्राच्या पुढे जाते. भिजवणीचा अर्क चाळीस, यंत्राचा एकतीस. तेच तर नकोय त्यांना.”

मावशींनी नळ बंद केला.

“म्हणजे अर्धं शिजवायचं आणि वर पातेल्याला नावं ठेवायची!”

दुपारी सरांनी तिच्या प्रबंधातला तक्ता पुढे ओढला. ध्वनिलहरींचं यंत्र त्यांनीच विभागाच्या गळ्यात मारलं होतं, आणि फुलांतून सगळ्यात जास्त औषधी अर्क तेच काढतं, असं परिषदेत सांगूनही टाकलं होतं.

“‘सहा तास’च्या पुढे हा ‘अपुरी’ शब्द कशाला?”

“भिजवण अपुरीच आहे, सर. यंत्र झटपट आहे म्हणा, खरं आहे ते. जास्त काढतं म्हणू नका.”

“सगळ्या पद्धतींना सहा तासांची मर्यादा. समान न्याय आहे.”

“न्याय?” तिचा आवाज चढला. “तीन दिवसांचे आकडे तीनदा काढलेत मी. ते कुठे गेले?”

“मर्यादेबाहेर.” ते हसले. “हे बघ, चार वर्षं झाली तुला. माझ्या सहीशिवाय प्रबंध पुढे सरकत नाही. तो शब्द काढ.”

तिने तक्ता उचलला. मुठीत कडा चुरगळली. ती तिने तिथेच टेबलावर तळहाताने सपाट केली, दोनदा.

प्रयोगशाळेत मावशींनी दोन बश्या शेजारीशेजारी मांडल्या होत्या. एकीत आजचा चोथा, केशरी. दुसरीत मागच्या खेपेचा, तीन दिवस भिजलेला, कागदासारखा पांढरा.

“टाकवेना,” त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांनी तक्त्याचं पान उघडलं. शब्द गेला होता. ‘सहा तास’च्या पुढे एक केशरी पाकळी चिकटवलेली होती. खाली एक नवी ओळ आली होती, ‘तीन दिवस’, आणि तिच्यापुढे पांढरी पाकळी.

“हा काय पोरकटपणा?”

“शब्द काढलाय, सर,” ती म्हणाली आणि टोपण काढून पेन त्यांच्यापुढे ठेवलं.