डाव्या स्पीकरची जाळी

दसरा होता, म्हणून आवडाबाईंनी सकाळपासून घरातल्या झाडून साऱ्या यंत्रा-हत्यारांना हळद-कुंकू लावायचा सपाटा लावला होता. मिक्सर, शिलाई मशीन, पाण्याचा पंप, दाराशी ठेवलेला जुना कोयता, एवढंच काय, इन्व्हर्टरच्या कपाळावरसुद्धा टिळा आणि झेंडूचं फूल. भोपर गावात लग्न निघालं की धवले गायला आवडाबाईंनाच बोलावणं यायचं, आणि त्यांच्या बोटाची हळद लागल्याशिवाय नवरा-नवरी बोहल्यावर चढत नसत. असल्या बोटाच्या तावडीतून मुलाचे स्पीकर कसे सुटणार?

सुटले नाहीत, हीच तर पंचाईत झाली.

"कल्पिता! ये बाय, आदी इकरं ये!"

सासूबाईंचा असला आवाज कल्पिताने कधी ऐकला नव्हता. पुरणाचा हात तसाच घेऊन ती बाहेरच्या खोलीत धावली. आवडाबाई डाव्या स्पीकरसमोर उभ्या होत्या, कुंकवाचं बोट हवेत तसंच धरलेलं. कल्पिताचा नवरा देवेश आपल्या स्पीकरांना जाळ्या कधीच लावत नसे, सगळं कसं उघडं. त्या उघड्या स्पीकरमध्ये वरच्या बाजूला एक इवलीशी रेशमी वाटी असायची, पुढे फुगलेली. तिला तो ट्वीटर म्हणायचा; वरचे, बारीक सूर तिच्यातूनच यायचे. आता ती वाटी आत गेली होती, आणि त्या खड्ड्यात मधोमध ओलं कुंकू बसलं होतं.

"गोल दिसला नं, मना वाटला कपाल हाय," आवडाबाई म्हणाल्या. "जरा दाबला नि गेला आत."

दुसऱ्या कुणाच्या घरी हे घडलं असतं तर कल्पिता पोट धरून हसली असती. पण गेल्याच महिन्यात सासूबाईंनी अॅम्प्लिफायर ओल्या फडक्याने पुसला होता, तेव्हा देवेशने घर डोक्यावर घेतलं होतं. "म्हाताऱ्या माणसाला काय कळणार? हिला या खोलीपासून लांबच ठेवा," असं तो आईच्या देखत म्हणाला होता. आणि वर, "पुन्हा हात लावलास तर तुना हितेशकडे कल्याणला नेऊन सोडीन. कायमची." हितेश म्हणजे धाकटा भाऊ. त्याचं घर खडकपाड्याला बाराव्या मजल्यावर, तो आणि करिश्मा दिवसभर कामावर. ओळखीचं कुत्रंसुद्धा नाही तिथे. देवेश तोंडाने फटकळ होता, पण बोललेलं करून दाखवायचा, वाईटसुद्धा. आणि लग्न होऊन आल्यापासून या बाईने कल्पिताला कधी उणा शब्द ऐकवला नव्हता. तिच्यावाचून हे घर कल्पिताला घर वाटलं नसतं.

तिने हात धुतला आणि सेलोटेप चिकटवून वाटी हलकेच ओढून पाहिली. ओल्या कुंकवाला टेप कसली चिकटतेय! तेवढ्यात खाली गाडीचा हॉर्न वाजला. ठाण्याहून, नौपाड्यातून सर्वेश कर्णिकांना आणायला गेलेला देवेश आला होता.

कल्पिताने कपाटावर धूळ खात पडलेल्या दोन्ही जाळ्या ओढल्या, पदराने पुसल्या आणि स्पीकरवर बसवल्या. चुंबकाला त्या खटकन चिकटल्या.

"आई, तुम्ही आत जा. काही बोलू नका."

कर्णिक पन्नाशीचे, नीटनेटके गृहस्थ. त्यांच्या घरी दर महिन्याला स्पीकरवेड्या मंडळींची बैठक भरायची. देवेशला तिथे वर्षभर कोपऱ्यातली खुर्ची मिळत होती. एकदा मागे कुणीतरी कुजबुजलं होतं, "जमिनीचा पैसा आला, पण कान कुठून आणणार?" ते देवेशच्या कानांनी बरोब्बर टिपलं होतं. पुढची बैठक आपल्या घरी व्हावी, म्हणून आजचा हा थाट.

"जाळ्या कुणी लावल्या?" आत पाऊल टाकताच त्याने विचारलं.

"मी. समोरच्या बिल्डिंगच्या कामाची धूळ किती येते!"

"काढ त्या."

"राहू द्या हो," कर्णिक सोफ्यावर बसत म्हणाले. "मी नेहमी जाळी लावूनच ऐकतो. बनवणाऱ्याने ती हिशेबात धरूनच आवाज बसवलेला असतो."

कल्पिताला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. पण देवेश असा कुणाचं ऐकणारा नव्हता.

"नाही साहेब, ते पटत नाही मला. जाळी म्हणजे तोंडावर रुमाल धरून गाणं. मला तर लगेच कळतं."

"डोळे मिटून कळेल?"

"पैज लावा."

"मग वहिनी," कर्णिक हसून म्हणाले, "तुम्हीच आमच्या पंच. आम्ही दोघं डोळे मिटतो. तुम्ही मनाला येईल तशा जाळ्या काढा, घाला."

कल्पिताला नाही म्हणायला तोंड नव्हतं. देवेशने सरोदवादन लावलं. दोघांनी डोळे मिटले आणि ती स्पीकरांपाशी जाऊन उभी राहिली. डाव्याला तिने हात लावला नाही. उजव्याची जाळी जराशी उचलून तिने परत सोडली. खट.

"काढली," देवेश म्हणाला. "बघा, पडदा सरकल्यासारखा आवाज आला."

पुन्हा खट.

"आता घातली. मेला आवाज."

तिसऱ्यांदा खट. "आता परत उघडा! हे बघा, किती मोकळं!" त्याच्या मिटल्या डोळ्यांच्या चेहऱ्यावर लहान पोरासारखा आनंद होता. कल्पिताला त्याची दया आली आणि स्वतःची लाज वाटली. सासूला झाकायला तिने नवऱ्याला उघडं पाडलं होतं. निदान कर्णिकांनी गप्प बसावं, एवढंच ती आता देवाकडे मागत होती.

कर्णिकांनी कपाळाला आठी घातली. "जाळी एकदाही निघालेली नाही. बरोबर ना, वहिनी? आणि डाव्या बाजूचे वरचे सूर जरा बसल्यासारखे वाटतात मला."

देवेशने डोळे उघडले. दोन्ही जाळ्या जागच्या जागी होत्या. त्याचा चेहरा आधी पडला, मग लाल झाला.

"काय चाललंय हे?" तो उठला.

कल्पिता डाव्या स्पीकरला पाठ लावून उभी राहिली. "नका ना काढू. तुम्हाला माझी शपथ."

"बाजूला हो."

ती हलली नाही. त्याने तिला खांद्याला धरून सारलं आणि जाळी खेचली. दबलेली वाटी, तिच्यात लाल कुंकू, भोवती हळदीचं बोट. सरोदवादन आपलं चालूच होतं.

"कुणी?"

"मी," कल्पिता म्हणाली.

"खोटा कशाला बोलतंस, बाय?" आवडाबाई दारात येऊन उभ्या होत्या, हातात तेच पूजेचं तबक. "मीच लावला. तुजा दैवत नं ते, म्हनून लावला."

"आये, तुना किती वेला सांगितला!" पाहुण्यांसमोर जपलेली भाषा देवेशच्या तोंडून गळून पडली. त्याने खिशातून फोन काढला आणि हितेशचा नंबर लावला.

"कर फोन," आवडाबाई म्हणाल्या. "मी लुगरी भरून ठेवतंय." आवाज कोरडा होता.

कल्पिताचा धीर सुटला. "वाटी दबलेली तुम्हाला ऐकू आली का? आता डोळे मिटून बसलेलात, तेव्हा? सांगा ना!"

त्याने मान फिरवली. फोनची रिंग जात होती.

कर्णिक उठून मध्ये पडले. माणूस वाईट नव्हता, समजूतच घालायला गेला. "जाऊ द्या देवेश, दोष आपलाच असतो. अशा वस्तू यांच्या हाताशी ठेवूच नयेत. म्हाताऱ्या माणसाला काय कळणार? यांना या खोलीपासून लांबच ठेवा."

शब्द न् शब्द तोच, महिन्यापूर्वीचा. कल्पिताने ओळखला आणि देवेशनेही. परक्याच्या तोंडून, आपल्या आईकडे हात करून म्हटलेला तो शब्द त्याच्या वर्मी बसला. असा पांढरा पडलेला तिने त्याला कधी पाहिला नव्हता.

"हॅलो? दादा? बोल ना," फोनमधून हितेश म्हणत होता.

देवेशने फोन तोंडाशी नेला. "काय नाय रे. सांजचे करिश्माला घेऊन ये, सोना द्यायला. आये वाट बघते." त्याने फोन ठेवला. मग कर्णिकांकडे वळून तो हळूच म्हणाला, "साहेब, ही खोली तिच्या भाताच्या शेतावर उभी आहे. तिला कुठून लांब ठेवू?"

कर्णिक खाली बसले.

देवेश आईजवळ गेला. "त्या दुसऱ्याला नाय लावलास?"

"नाय. भ्याले नं."

"मंग तो काय बिनपूजेचा राहील?" त्याने उजव्याची जाळी स्वतः काढली, आईचं मनगट धरलं आणि तिचं बोट कुंकवात बुडवून स्पीकरच्या माथ्यावरच्या लाकडापाशी नेलं. "इथं लाव. याचा कपाल ह्यो."

आवडाबाईंनी टिळा लावला. डोळे पुसले आणि मग मुलाच्या हातातून मनगट सोडवून घेतलं.

"मंग आदीच सांगाचा नं," त्या म्हणाल्या, "याचा कपाल कुठं हाय तो."