कूपनाच्या मागची बाजू

सासूबाईंनी पत्रक चुंबक लावून फ्रिजवर अडकवलं आणि दोन पावलं मागे जाऊन बघत राहिल्या. "किती गोड आलीय माझी धाकटी!" मी भाजी चिरत होते. सुरी जरा जोरात चालली.

धाकटी म्हणजे माझी जाऊ. जावा जावा, उभा दावा असं लोक म्हणतात, पण दावा मांडायला समोरचीनं भांडावं तरी लागतं. ही भांडत नाही, हसते. प्रौढांच्या संध्याकाळच्या शाळेत मी शिवण शिकवते. कुंड्यांतली बाग शिकवायला तिला तिथं मीच नेलं. माझ्याच हातानं माझ्या पायावर धोंडा! पहिल्याच सत्रात तिच्या वर्गाला खुर्च्या पुरेनात. माझा वर्ग मात्र आटत चालला होता. शाळेच्या मुख्य बाईंनी तोंडावर सांगितलं, "या वेळी पट भरला नाही तर शिवण बंद. मशिनं अडगळीत आणि खोली बागेच्या वर्गाला."

दर सत्राआधी आम्ही घडीचं पत्रक छापून घरोघर टाकतो. कुठला वर्ग, कुठल्या वारी, फी किती, आणि नाव नोंदवायला कापून शाळेच्या पेटीत टाकायचं कूपन. छापखान्यात बसून पानं लावून घ्यायचं काम वर्षानुवर्षं माझं. या वेळी मुख्य बाईंनी पहिल्या पानावर धाकटीचा फोटो घ्यायला लावला. मांडीवर कुंडी, तोंडभर हसू. आणि माझ्या वर्गाला काय, तर आतल्या पानावर शिलाई मशीन. इतकी वर्षं पायडल मी मारलं आणि फोटो मशीनचा! तळपायाची आग मस्तकात गेली.

"बाई," छापखानेवाला म्हणाला, "कूपन इथं घेतलं तर पाठीमागं यांचा चेहरा येतो. नाव नोंदवायचं तर चेहरा कापावा लागेल. चालेल?"

"चालेल," मी म्हटलं. उलटसुलट बघितल्याशिवाय मी कशालाच कात्री लावत नाही. मागं काय येतंय ते मला त्याच्या आधी दिसलं होतं. घरोघरी कात्र्या चालतील आणि ते हसू तुकड्या-तुकड्यांनी शाळेत परत येईल, या विचारानं त्या दिवशी मला जेवण गोड लागलं.

करायला गेले एक आणि झालं भलतंच. पेटीत कूपनंच येईनात. बागवाले पत्रक हातात घेऊन भर दुपारी कार्यालयात यायचे आणि नाव लावून जायचे. माझ्या बायकांचं तसं नाही. त्या कामावरून सुटतात तेव्हा कार्यालयाला कुलूप असतं, त्यांची सगळी भिस्त कूपनावर. मागच्या गल्लीतली नर्स भेटली. म्हणाली, "यायचंय हो, पण एवढं हसरं माणूस कापवत नाही. आमच्या लेकीनं तर भिंतीवर लावलंय."

मग मी तोंड वेंगाडत दारोदार फिरले, साध्या कागदावर नावं गोळा केली. तरी शेवटी एक कमी पडलं. धाकटीची रोपं माझ्या खोलीच्या दाराशी येऊन थांबली होती.

शेवटच्या दिवशी मुख्य बाईंनी पेटी उघडली आणि एकुलतं एक कूपन माझ्यापुढं सरकवलं. वर्ग, शिवण. नाव, धाकटीचं. मी ते उलटं केलं. एक डोळा, अर्धं हसू, कुंडीची कड. तुटक रेघेवरून कात्री अशी गेली होती की कुठं खाच नाही, कोपरे अगदी काटकोनात.

घरी फ्रिजवरच्या पत्रकाला भगदाड पडलेलं आणि सासूबाई रुसून बसलेल्या. "तिनं स्वतःच कापलं गं," त्या म्हणाल्या.

माझा वर्ग वाचला, आणि तो तिनं वाचवला याचाच मला जास्त राग आला. हरले असते तर निदान तिला नावं तरी ठेवता आली असती.

पहिल्या संध्याकाळी बाईसाहेब पहिल्या बाकावर हजर. मी सगळ्यांना खडूची रेघ मारून दिली आणि कापा म्हटलं. बाकीच्या कात्री धरून नुसत्याच बसल्या, कापड बिघडेल म्हणून. धाकटीनं कात्री घातली ती रेघ सोडून पार कडेला नेली.

"वहिनी, ही कात्रीच वाकडी आहे!"

"नाचता येईना अंगण वाकडं," मी म्हटलं. सगळ्या खो खो हसल्या. हिच्यापेक्षा वाईट काय होणार, म्हणत नर्सनंही कात्री उचलली. धाकटीला एखादी गोष्ट येत नाही, हे मी जन्मात पहिल्यांदा बघत होते. जीव कसा गार झाला.

आणि मग ते कूपन आठवलं. कागद वेगळा, कापड वेगळं, मान्य. पण हात तर तोच ना? मी वाकून हळूच विचारलं, "कूपन कुणी कापलं होतं गं?"

"मीच. का?" ती हसली. पहिल्या पानावरचं तेच हसू.

सगळ्यांदेखत अडाणी व्हायलासुद्धा तिला माझ्यापेक्षा चांगलं जमत होतं.

"पुरे आता. नीट काप," मी दातओठ खाऊन म्हटलं.

"अहो, बघताहेत सगळ्या," ती पुटपुटली, आणि पुन्हा वाकडं कापलं. मी तिचा हात धरला आणि कात्री रेघेवर आणली.